भोगवटा : घराचा आणि कागदाचा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. या दोन्ही कामांत माणसाची पुंजी आणि धीर सारखाच पणाला लागतो, असा तिचा अर्थ. पण दोन्हींत एक फरक माझ्या ध्यानात आला आहे. लग्न जमविताना आपण मुलाची नोकरी, मुलीचे शिक्षण, घराणे, भाऊबंद, आजार, शेती, कर्ज या सगळ्यांची चौकशी करतो. चार गावांहून माहिती काढतो. घर विकत घेताना मात्र भिंतीचा रंग, स्वयंपाकघरातला ओटा आणि गच्चीवरून येणारा वारा पाहून आपण इसार देऊन मोकळे होतो. ‘या घरात माणसांनी राहावे असे कोणी तपासून लिहून दिले आहे काय?’ हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो.

द्वितीय वर्षाच्या वर्गाला ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हा विषय मी बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. ‘महानगरपालिकेची कार्ये लिहा’ हा प्रश्न परीक्षेत ठरलेलाच. विद्यार्थी पाणीपुरवठा, दिवाबत्ती, सफाई, आरोग्य अशी कार्ये ओळीने लिहितात आणि पाचव्या-सहाव्या क्रमांकावर ‘इमारतींवर नियंत्रण ठेवणे’ असे लिहून पुढे जातात. मीही त्याला अर्धा गुण देऊन पुढे जात असे. या तीन शब्दांत काय साठविले आहे, हे मला पुस्तकातून कळले नाही. ते माझ्या बहिणीच्या घरामुळे कळले, आणि उशिरा कळले. तो धडा विद्यार्थी मित्र-मैत्रिणींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ताईचे घर

माझे मेहुणे गेले तेव्हा भाची पहिलीत होती. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली. ती घरातच घालावी, भाड्याच्या खोल्या बदलीत फिरणे नको, असे ताईने ठरविले. आपल्या खानदेशातल्या एका वाढत्या शहरात, नव्या वसाहतीत, तीन मजली इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट तिने २००८ साली पाहिला. बिल्डरने कागदांची एक फाईल दिली. ती माझ्यापुढे ठेवीत ताई आमच्या अहिराणीत म्हणाली, “भाऊ, तू शिकेल शे. तूच दख कागद.”

मी पाहिले. बिनशेतीचा आदेश होता, मंजूर नकाशा होता, वकिलाचा सर्च रिपोर्ट होता आणि गोल शिक्का असलेले ‘बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र’ होते. शिक्का पाहून माझे समाधान झाले. “सगळे व्यवस्थित आहे,” असे मी सांगितले. माझ्या शब्दावर तिने साठेखतावर सही केली, पुढे खरेदीखत झाले, वास्तुशांत झाली, आणि श्रावणात घर रंगवून तिने कानबाईही बसविली.

दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, भाचीच्या व्यावसायिक शिक्षणासाठी फ्लॅट विकावा असा विचार झाला. गिऱ्हाईक आले, भाव ठरला. गिऱ्हाइकाच्या बँकेने कागद मागितले आणि एका कागदावर सारे अडले. तो कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ताईच्या फाईलमध्ये ते नव्हते. कारण ते दिलेच गेले नव्हते. मंजूर नकाशात तळमजला वाहने ठेवण्यासाठी मोकळा दाखविलेला होता. तेथे बिल्डरने दोन गाळे काढून विकले होते. गच्चीवर एक जादा खोली चढविली होती. नकाशा एक आणि इमारत दुसरी, अशी स्थिती होती. गिऱ्हाईक परत गेले. मी दहा वर्षांपूर्वी जो शिक्का पाहून मान डोलावली होती, तो काम सुरू करण्याच्या परवानगीचा होता. काम नीट संपले, असे त्यात कोणी म्हटलेले नव्हते.

शब्दांची उकल

शेतकऱ्यांच्या मुलांना ‘भोगवटा’ हा शब्द परका नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘वर्ग २’ असे लिहिलेले असते. वर्ग १ ची जमीन धारक सामान्यतः स्वतःच्या मर्जीने विकू शकतो. वर्ग २ ची विकायची तर शासनाची परवानगी लागते. भोगवटा म्हणजे वस्तूचा प्रत्यक्ष ताबा आणि उपभोग. जमिनीच्या बाबतीत हा शब्द आपण जपून वाचतो. इमारतीच्या बाबतीत तोच शब्द आपल्याला सुचत नाही.

शहरात इमारत उभी राहताना कागदांची एक साखळी असते. तिचे चार दुवे ध्यानात ठेवावेत.

पहिला दुवा बांधकाम परवानगी आणि प्रारंभ प्रमाणपत्र. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही. या परवानगीला मुदत असते. या टप्प्यावर कचेरीने पाहिलेला असतो तो केवळ नकाशा, म्हणजे इमारतीचा मनोरथ.

दुसरा दुवा जोते तपासणीचा. जोत्यापर्यंत काम आले की ते नकाशाप्रमाणे आहे की नाही, शेजारच्या हद्दीपासून व रस्त्यापासून सोडावयाचे अंतर सुटले आहे की नाही, हे पाहतात. चूक असेल तर ती येथेच स्वस्तात सुधारते. जोते चुकले की वरचे सगळेच चुकले, हे गवंडीही सांगेल.

तिसरा दुवा काम पूर्ण झाल्याचा दाखला. वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता, ‘माझ्या देखरेखीखाली काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाले’ असे लिहून कचेरीला कळवितो.

चौथा दुवा भोगवटा प्रमाणपत्र. कचेरीचा अभियंता जागेवर येतो. मजले मोजतो, जिन्याची रुंदी पाहतो, वाहनतळ मोकळा आहे का, सांडपाण्याची व मैल्याची सोय झाली आहे का, उंच इमारत असेल तर अग्निशमन विभागाचा दाखला आहे का, हे तपासतो. मग ‘आता येथे राहण्यास हरकत नाही’ असे लेखी देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६३ मध्ये ही गोष्ट स्वच्छ सांगितली आहे. काम संपल्यापासून एक महिन्याच्या आत मालकाने आयुक्तांना लेखी कळवावे, तपासणीस वाव द्यावा, आणि परवानगी मिळेपर्यंत इमारतीत कोणी राहू नये व कोणाला राहू देऊ नये. कचेरीने एकवीस दिवसांत नकार कळविला नाही, तर मात्र ही आडकाठी उरत नाही. नागरिकावर बंधन आणि कचेरीवर मुदत, असा हा दुहेरी नियम आहे.

ताईच्या फाईलमध्ये पहिला दुवा होता, चौथा नव्हता. मी साखळीचे एक टोक पाहिले आणि दुसरे टोकही असेलच असे धरून चाललो.

जुने धुळे, जुनी घरे

कोणी म्हणेल, आपल्या वाडवडिलांनी कोणता दाखला घेतला होता? हा प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ साली धुळे हे खानदेशचे मुख्य ठिकाण केले. बाहेरून व्यापारी आणून वसविले, घरांसाठी बिनसाऱ्याची जागा दिली, पक्की घरे बांधण्यास आगाऊ रकमाही दिल्या. धुळ्यातल्या सरळ, क्रमांक दिलेल्या गल्ल्या पाहिल्या की घर बांधणे ही केवळ घरमालकाची खाजगी बाब नाही, ती गावाचीही बाब आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही हे पटते. पुढे सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरेला महापूर आला व धुळ्यातील कितीतरी घरे वाहून गेली. घर कोठे बांधले आहे, याला घर कसे बांधले आहे याइतकेच महत्त्व आहे, हे नदीने आपल्या पद्धतीने सांगितले.

खेड्यांतली आपली धाब्याची घरे कोणत्याही कचेरीच्या दाखल्याशिवाय उभी राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण तपासणी तेव्हाही होत होती. सर, कड्या, किलचन यांचे लाकूड सुतार पारखून घेई. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर चढून खारी माती टाकली जाई, पन्हळे मोकळी केली जात. कानबाईच्या आधी घराचा कोपरान् कोपरा पाहून पोतेरे फिरत असे. बांधणारा गवंडी त्याच गावात राहत होता व त्याला त्याच पारावर बसायचे होते. त्याची लाज हीच हमी होती. शहरात बांधणारा, विकणारा आणि राहणारा एकमेकांचे कोणी नसतात. ती लाज जेथे संपते तेथे शिक्क्याची गरज सुरू होते.

धुळ्यास नगरपालिका १८६२ साली व जळगावास १८६४ साली आली. दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या त्या २००३ साली. आज राज्याच्या बहुतांश भागाप्रमाणे या दोन्ही शहरांत डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. म्हणजे जळगावचा अर्जदार आणि कोल्हापूरचा अर्जदार यांना आता बहुतांशी एकच नियम वाचावयाचे आहेत.

दाखला नसला तर काय बिघडते?

ताईच्या शेजाऱ्यांचा प्रश्न हाच होता. “वीज आहे, पाणी आहे, घरपट्टी भरतो, मग अडले कोठे?” याची उत्तरे तीन प्रकारची आहेत.

पहिले उत्तर जिवाचे. ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी एक अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसे मेली. वरचे काम चालू असतानाच खाली माणसे राहावयास आली होती, ही त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट. भोगवट्याचा नियम नेमके हेच थांबविण्यासाठी आहे. रायगड जिल्ह्यातील महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत पडून १६ जण दगावले. तिचे वय दहा वर्षेही नव्हते. त्या प्रकरणी गुन्हा नोंदला गेला तेव्हा आरोपींत बांधकाम व्यावसायिक व वास्तुविशारद यांच्याबरोबर नगरपालिकेच्या सेवेतील माणसेही होती. तपासणी करणारा आणि तपासणी मागणारा, दोघांनीही आपले काम जागरूकपणे केले पाहिजे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

दुसरे उत्तर घर हातचे जाण्याचे. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत पाच मजल्यांची परवानगी असताना त्याहून कितीतरी उंच इमारती १९८० च्या दशकात उभ्या राहिल्या. एक तर वीस मजल्यांची. लोक राहिले, मुले मोठी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१३ रोजी वरचे अनधिकृत मजले पाडण्याचा निर्णय कायम केला, आणि जून २०१४ मध्ये तेथील जोडण्या तोडल्या गेल्या. फसविणारे निघून गेले होते. भोगणारे तेवढे जागेवर सापडले. कल्याण-डोंबिवलीत तर खोट्या बांधकाम परवानग्या तयार करून त्यांवर महारेराची नोंदणीही मिळविल्याचे उघड झाले, आणि अशा ६५ इमारतींविरुद्ध कारवाईचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. म्हणजे कागद असणे पुरेसे नाही. तो ज्या कचेरीचा म्हणून दाखविला जातो त्या कचेरीत जाऊन पडताळला पाहिजे.

तिसरे उत्तर रोजच्या खर्चाचे. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना १९९७ साली ताबा मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. त्यामुळे त्यांना मालमत्ता कर २५ टक्के व पाणीपट्टी ५० टक्के अधिक भरावी लागत होती. ‘तक्रार उशिरा केली’ म्हणून ग्राहक आयोगाने त्यांना परत पाठविले. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी सांगितले की, दाखला मिळवून न देणे हा रोज चालू राहणारा अन्याय आहे व ती सेवेतील त्रुटीच आहे. हा निकाल मी ताईच्या घरी बसून मोठ्याने वाचून दाखविला होता.

घरपट्टीविषयी येथेच सांगतो. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. अनधिकृत बांधकामावरही कर बसतो, उलट दुप्पट करापर्यंत शास्ती बसविण्याची तरतूद कायद्यात आली; आणि असा कर वा शास्ती घेतल्याने बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असेही कायदाच सांगतो. खरेदीखताची नोंदणीही तशीच. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला जातो. इमारत तपासली जात नाही.

कायदा कोणाशी बोलतो?

महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३, ज्याला वकीलमंडळी ‘मोफा’ म्हणतात, त्याच्या तिसऱ्या कलमात एक वाक्य आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने कोणास ताबा देऊ नये, असे ते सुरू होते. आणि पुढे कंसात म्हणते की, तोपर्यंत कोणीही ताबा घेऊ नये. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. कायदा बिल्डरइतकाच माझ्या ताईशीही बोलत होता, आणि तिच्या वतीने ज्याने कागद पाहिले त्या माझ्याशीही. आम्ही त्याचे ऐकले नव्हते, कारण तो बोलतो आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणि १ मे २०१७ पासून कामास लागलेल्या महारेराने खरेदीदाराचा हात बळकट केला. भोगवटा प्रमाणपत्र मिळविणे व त्याची प्रत देणे ही प्रवर्तकाची जबाबदारी ठरली. ते मिळाल्यापासून दोन महिन्यांत खरेदीदाराने ताबा घ्यावा, आणि ताब्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या बांधणीत दोष निघाल्यास प्रवर्तकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा, असे ठरले. भोगवटा प्रमाणपत्राच्या व्याख्येतच पाणी, स्वच्छता व वीज या सोयींचा उल्लेख या कायद्याने केला. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील अथवा आठपर्यंत सदनिकांच्या योजनेस महारेराच्या नोंदणीची सक्ती नाही. जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत अशा लहान इमारती पुष्कळ दिसतात. तेथे महारेराच्या यादीत नाव सापडणार नाही. म्हणून तेथे भोगवटा प्रमाणपत्र मागण्याची गरज अधिकच.

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. जागेवर तपासणी करून, काम नकाशाप्रमाणे असल्याची खात्री झाल्यावरच दाखला द्यावा. वीज, पाणी व सांडपाण्याच्या जोडण्या दाखला पाहूनच द्याव्यात. आणि बँकांनी इमारत तारण घेताना दाखल्याची खात्री करून घ्यावी. २०१८ मध्ये जी अडचण ताईला बँकेचा तऱ्हेवाईकपणा वाटली होती, तीच आता नियमाची वाट झाली आहे.

भाड्याची खोली

हे सगळे घर विकत घेणाऱ्यांचे झाले. आम्हा विद्यार्थ्यांचे काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तुमच्यापैकी कितीतरी जण चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर, अमळनेर या भागांतून येऊन भाड्याच्या खोलीत किंवा ‘कॉट बेसिस’वर राहतात. त्या खोलीची तपासणी कोण करतो?

परदेशांत याची वेगवेगळी उत्तरे आहेत. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात अनेक गावांत घर विकले गेले वा भाडेकरू बदलला की स्थानिक निरीक्षक येऊन पाहून जातो, आणि धुराची सूचना देणारे यंत्र चालू असल्याचा दाखला घेतल्याशिवाय नव्या माणसाला राहावयास देता येत नाही. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातील गॅसची उपकरणे दर वर्षी व विजेची जोडणी दर पाच वर्षांनी तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे इमारत पहिल्यांदा वापरात येताना भोगवट्याची तपासणी होते; मालक वा भाडेकरू बदलला म्हणून ती पुन्हा होत नाही. मात्र तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महानगरपालिका हद्दीतील मालकाचे वा भोगवटादाराचे कर्तव्य आहे. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतले व जळगावच्या जुन्या पेठांतले लाकडी माडीचे वाडे पाहिले की हे कर्तव्य किती जणांच्या कानी गेले असेल, असा प्रश्न पडतो.

भाडेकरूच्या हाती काहीच नाही, असे मात्र समजू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, व ती जबाबदारी घरमालकाची आहे. कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे मालकाचे काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो व खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक नाही. पाणी, वीज यांसारखी आवश्यक सोय मालकाने सबळ कारणावाचून तोडता कामा नये, असे कलम २९ सांगते.

म्हणून वर्गाला मी आता एक गृहपाठ देतो. आपापल्या खोलीत टेप लावा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची, २.४ मीटर रुंद आणि २.७५ मीटर उंच असावी. तुमची किती आहे? खिडकी बाहेर उघडते की दुसऱ्या खोलीत? डोक्यावर स्लॅब आहे की पत्रा? आपल्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखाली अभ्यास होत नाही, हे सांगावयास नियमाची गरज नाही. विजेच्या बोर्डाला अर्थिंग आहे का? जिन्यावर दिवा आहे का? जिना सामानाने अडला आहे का? आग लागली तर बाहेर पडावयास दुसरी वाट आहे का? पहिल्या वर्षी हा गृहपाठ दिला तेव्हा एका विद्यार्थिनीने लिहिले, “सर, आमच्या खोलीची खिडकी मोजता आली नाही, कारण ती नाही.” पुढच्याच महिन्यात तिने व तिच्या दोन मैत्रिणींनी खोली बदलली. माझ्या शिकविण्याचा इतका प्रत्यक्ष उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

दोन आक्षेप

तपासणी म्हणजे चिरीमिरीचे नवे दार, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या कामाची मुदत व नियम नागरिकाला ठाऊक असतात, तेथे अडवणुकीला जागा कमी राहते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र या अधिसूचित सेवा आहेत. मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते. माहितीच्या अधिकाराखाली मंजूर नकाशाची व दाखल्याची प्रत मागता येते. हे मार्ग वापरणारी माणसे वाढली पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबाने काय करावे? गावठाणातल्या जुन्या घरांना असा दाखला कधी नव्हताच, आणि शहराच्या कडेला गुंठ्या-गुंठ्याने जमीन घेऊन ज्यांनी चार भिंती उभ्या केल्या त्यांना नकाशा परवडला नाही. त्यांच्यासाठी २००१ सालचा गुंठेवारी कायदा आला व २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना तो लागू झाला. जुन्या घराच्या बाबतीत सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रक उतारा, घरपट्टीचा उतारा आणि अभियंत्याची तपासणी, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. गरिबाचे घर पडले तर ते पुन्हा उभे करण्याची त्याची ऐपत नसते. त्यामुळे तपासणीची खरी गरज त्यालाच अधिक आहे. ती त्याच्या खिशाला परवडेल अशी करणे हे राज्यकर्त्यांचे काम.

शेवटी ताईचे

ताईच्या इमारतीतले लोक २०१९ मध्ये प्रथमच एकत्र बसले. नकाशाची प्रत काढली. गाळेवाल्यांशी वर्षभर वाद झाला, बोलणे बंद झाले, पुन्हा सुरू झाले. अखेर गाळ्यांची शटरे निघाली, गच्चीवरची खोली पाडली, जे थोडे नियमात बसत होते त्याचे प्रशमन शुल्क सर्वांनी वाटून भरले. बिल्डरने एक पैसा दिला नाही. अभियंता पाहणीस आले त्या दिवशी ताईने सकाळपासून जिना तीनदा झाडला. २०२१ च्या अखेरीस दाखला हाती आला. तोपर्यंत भाचीचे शिक्षण कर्ज काढून झाले होते. त्या कर्जाचा हप्ता आजही तिच्या पगारातून जातो. ताईने मला कधी बोल लावला नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

घर आता विकायचे नाही, असे तिने ठरविले आहे. दाखला तिने खरेदीखताबरोबर न ठेवता देवघराच्या फडताळात ठेवला आहे. मागे शेजारच्या गल्लीतले एक नवे जोडपे फ्लॅट पाहून तिच्याकडे चौकशीला आले. जागा कशी आहे, पाणी किती दिवसांनी येते, शेजार कसा आहे, असे त्यांनी विचारले. सातवी शिकलेल्या माझ्या ताईने फडताळातून तो कागद काढून त्यांच्यापुढे धरला आणि त्या फ्लॅटचा असा कागद पाहिला का, असे विचारले. त्यांनी पाहिला नव्हता. ते दुसऱ्या दिवशी नगररचना विभागात गेले.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत ‘इमारतींवर नियंत्रण ठेवणे’ असे लिहाल तेव्हा एक ओळ अधिक लिहा. ती लिहिणाऱ्याला यापुढे मी पूर्ण गुण देणार आहे.